खोली फक्त नर्सबाईंना मिळेल

जळगावात नर्सला खोली मिळणं सोपं नसतं. लोकांना नर्स दवाखान्यात हवी असते, शेजारी नको असते. कधी रात्री जाणार, कधी पहाटे येणार, कपड्यांना औषधांचा वास, सोडायला येणारा कोण, न्यायला येणारा कोण. अशी बरीच घरं फिरून पाय दुखायला लागल्यावर मी एका गल्लीत वळले आणि एका फाटकावर हाताने रंगवलेली पाटी दिसली : 'खोली फक्त नर्सबाईंना मिळेल. इतरांनी चौकशी करू नये.'

दार एका धिप्पाड म्हाताऱ्याने उघडलं. खाकी अर्धी चड्डी, बनियन आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. माझं नाव-गाव काही न विचारता ते मला ओसरीवरच्या खाटेजवळ घेऊन गेले, स्वतः तिच्यावर आडवे झाले, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "माले लकवा झालाय. डावी बाजू गेली. उठवून बसव."

मी पिशवी उचलून निघणारच होते. तेवढ्यात आतून एक बारीक बाई पदराला हात पुसत आली. "घाबरू नको माय. हाऊ बठ्ठासले अशीच करस. उठाड त्याले, नही ते दिनभर तठेच पडी राही." म्हणजे येणाऱ्या प्रत्येक नर्सची ही परीक्षा होती.

मी त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, पाय खाटेवरून खाली सोडले, खांद्यामागे हात घातला आणि त्यांच्याच वजनाने त्यांना उठवून बसवलं. त्यांनी डोळे उघडले. कंबर चाचपून पाहिली. "झटका बसला नाही," ते बायकोला म्हणाले, "चाय टाक व."

अशी मला खोली मिळाली. त्यांना सगळे आबा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मूळचे साक्रीकडचे. धुळ्याच्या बस डेपोत आबांनी कंट्रोलर म्हणून जन्म घालवला होता. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, हे ठरवायचं आणि भोंग्यावरून ओरडून सांगायचं. निवृत्त झाल्यावर जळगावात घर बांधलं, पण भोंगा काही सुटला नाही. मी दुपारपाळीला निघाले की ते जिन्याखाली उभे राहून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडत, "वरच्या सिस्टर दुपारपाळीसाठी निघत आहेत. वाटेतली पोरं आणि कुत्री बाजूला घ्या." पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर लक्षात आलं, की आबा हे मुद्दाम करतात. समोरच्या घरातले एक काका माझ्या येण्याजाण्याच्या वेळांवरून काहीबाही बोलले होते. आबांनी माझ्या वेळाच भोंग्यावर जाहीर करून टाकल्या. मग बोलायला कुणाला काही उरलं नाही.

वर तीन खोल्या होत्या आणि तिन्हीत नर्सच. त्यामागे आबांचा एक पक्का हिशेब होता आणि तो ते कुणालाही ऐकवायचे. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच गत. "या गल्लीत लेकरू रडताना ऐकलं का कधी?" ते मला विचारायचे. "फक्त खोकला ऐकू येतो. बठ्ठा म्हातारा माल शे. आम्ही वाढत चाललो आणि आम्हाला उचलणारे कमी होत चालले. डेपोत असंच व्हायचं. गाडी फलाटाला लागलेली, पॅसेंजर बसलेले, आणि ड्रायव्हर नाही. तेव्हा कंट्रोलरचं तोंड कसं होतं, तू पाहिलं नाहीस. मला म्हातारपणी तसं तोंड करायचं नाही. म्हणून ड्रायव्हर मी घरातच ठेवलेत."

अक्का आतून म्हणायच्या, "आणि त्या ड्रायव्हरसले जेवाले कोण घालस?" मग भाकरी आणि वांग्याचं भरीत वर यायचं.

गल्लीत लोक हसायचे. म्हातारा स्वतःसाठी दवाखाना पाळतो, म्हणायचे. आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना चिंता एकच होती, की नर्स टिकत नाही. लग्न होतं, बदली होते, पुण्या-नाशिकचा मोठा दवाखाना बोलावतो. त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांनाच सुचू शकला असता. ते आमच्यासाठी जळगावातली स्थळं शोधायला लागले.

पोराची नोकरी, शेती, स्वभाव याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पोरगा जळगाव सोडून जाणार नाही ना, एवढंच ते बघायचे. एका रविवारी माझ्या शेजारच्या खोलीतल्या वंदनासाठी त्यांनी जामनेर रोडच्या एका दुकानदाराला घरी आणलं. त्याच्या दुकानाची जागा स्वतःची होती, म्हणजे तो हलणार नाही. वंदना पोह्यांची ताटली घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, मी दोन महिन्यांनी जर्मनीला चाललेय. तुम्ही पोहे खा."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मधल्या भिंतीतून तिचे जर्मन धडे मला रोज ऐकू यायचे. दुकानदार पोहे खाऊन गेला. आबा ओसरीवर बसून राहिले.

"तिथं कशाला?" त्यांनी विचारलं.

"तिथं नर्स कमी आहेत आबा. म्हाताऱ्या लोकांचं बघायला माणूस मिळत नाही."

"म्हणजे तिथं पण म्हातारेच?"

"तिथं तर फारच. म्हणून तर भाषा शिकवून नेतात."

आबांनी चष्मा डोळ्याला लावला, पुन्हा काढला. "आमच्याकडे कमी आहेत म्हणून मी पाटी लावून बसलो. त्यांच्याकडे कमी आहेत म्हणून ते आमच्याकडून नेतात. मग आम्ही कोणाकडून आणायच्या?"

वंदना रिकामी ताटली उचलून आत गेली. आमच्याच दवाखान्यात दोघींचं काम एकीवर आलं होतं, आणि जी रजेवर जाई ती बहुतेक परत येत नसे.

दुसऱ्या दिवशी आबा आम्हा पोरींना न सांगता मुक्ताईनगरची बस पकडून वंदनाच्या गावी गेले. तिच्या वडिलांना समजावून सांगायचं, पोर एवढ्या लांब पाठवू नका म्हणायचं, असा बेत होता. जाताना अक्कांच्या हातचे लाडू डब्यात घालून नेले. संध्याकाळी परतले. पायऱ्यांवर बसून बूट काढत राहिले, किती वेळ झाला तरी एक बूट पायातच.

"काय व्हयनं?" अक्कांनी विचारलं.

"तिचा बाप माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल," आबा म्हणाले. "पण माझ्याहून म्हातारा दिसतो. आयुष्यभर केळीचे घड वाहिले त्याने खांद्यावर. मान एका बाजूला गेलीय. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पोरीचा नर्सिंगचा फोटो. मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसला. म्हणाला, आमच्या घरातून पहिल्यांदा कुणी विमानात बसणार. मी त्याला काय सांगणार होतो? पोरीला ठेवून घे म्हणून? कशासाठी? माझ्यासाठी?"

त्यांनी दुसरा बूट काढला. "लाडू देऊन आलो," म्हणाले.

वंदना निघाली त्या दिवशी जळगाव स्टेशनवर तिची सगळ्यात मोठी बॅग आबांनी उचलली होती, कुणाला हात लावू दिला नाही. गाडी हलल्यावर मला म्हणाले, "चांगली ड्युटी मिळाली पोरीला." आवाज भोंग्याचाच होता, पण मधेच फाटला.

तिच्या खोलीत पुढे कुणी आलं नाही. तिसऱ्या खोलीतली मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तीही खोली रिकामी पडली. पाटी होती तिथेच होती. जळगावात नर्स राहिल्याच नव्हत्या असं नाही, पण ज्या होत्या त्या दवाखान्याच्या होस्टेलवरच झोपायच्या, घरी जाण्याइतका वेळच नव्हता. वर मी एकटी उरले. आणि पुढच्या उन्हाळ्यात अक्कांना लकवा झाला.

आबांनी इतकी वर्षं जे नाटक खाटेवर पडून केलं होतं ते खरं झालं, पण ज्याच्यावर व्हायचं त्याच्यावर नाही. अक्कांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी आबांना सगळं शिकवलं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना बसतं करायचं, हनुवटी खाली ठेवायची, घास घट्टसर द्यायचा, पातळ पाणी चमच्याने. आबा शिकले, पण फार वाईट शिकले. त्यांचे हात मोठे, धसमुसळे. अक्कांचे केस विंचरताना भांग कधीच सरळ यायचा नाही. अक्का त्यांच्याकडे एका डोळ्याने रागाने बघायच्या आणि मग त्याच डोळ्यातून पाणी यायचं.

एकट्याने होईना म्हणून त्यांनी आजाऱ्यांसाठी घरी बाया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला. ब्युरोने एक मुलगी पाठवली, ती चार दिवसांत नाशिकच्या कामाला गेली. दुसरी आली, तिने जिना, खाट, अक्का सगळं पाहिलं आणि संध्याकाळीच गेली. मग बरेच दिवस कुणीच नाही. शेवटी एक मावशी आल्या. फैजपूरकडच्या, साठी उलटलेल्या, दोन्ही गुडघे गेलेल्या. ओसरीच्या पायरीवर चढताना आबांनीच त्यांना हात दिला.

मी ब्युरोवाल्याला फोन करून विचारलं, "अहो, यांनाच सांभाळायला माणूस लागेल, यांना काय पाठवलंत?"

तो वैतागलेला होता. "ताई, माझ्याकडे फोन येतात रोजचे ढीगभर, आणि बाया आहेत मूठभर. त्यातल्या तरण्या पुण्याला पळाल्या. राहिल्यात त्या या. ठेवायच्या तर ठेवा."

आबांनी ठेवल्या. सकाळी मावशींना आधी चहा तेच करून द्यायचे, मग दोघं मिळून अक्कांना वळवायचे. एक धरायचा, दुसरी ढकलायची, आणि वळवून झालं की दोघंही धापा टाकत भिंतीला टेकायचे.

गल्लीतले जे लोक आबांना हसत, तेच आता फाटकाशी येऊ लागले. कुणाच्या वडिलांची नळी बदलायची होती, कुणाच्या आईला इंजेक्शन द्यायचं होतं. "आबा, तुमच्या वरच्या सिस्टरला जरा पाठवा." सुरुवातीला मी जायची. एकदा एका घरी म्हातारबुवांची पट्टी बदलता बदलता मला उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि कात्री हातातून पडली. हे आबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीवरून येऊन झोपले की ते खुर्ची घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसायला लागले. कुणी आलं की बसल्या जागेवरून सांगायचे, "सिस्टर झोपल्या आहेत. चारनंतर या." 

"पण आबा, वडिलांना फार त्रास होतोय."

"दवाखान्यात न्या. ती पोर माणूस शे, बस नही. बसलाही डेपोत उभी करतात."

मी म्हणाले, "आबा, अगदीच गरज असेल तर उठवत जा हो. माझं कामच आहे ते." त्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

पावसाळ्याच्या शेवटी दवाखान्यात डेंगीची गर्दी झाली. माझ्यानंतरच्या पाळीची नर्स स्वतःच तापाने आडवी, तिच्या जागी कुणी नाही. मी रातपाळी करून सकाळचीही पाळी केली आणि दुपारी घरी आले. आबा ओसरीवर अक्कांजवळ होते. "कशा आहेत?" मी विचारलं. "ठीक. जरा घसा वाजतोय," ते म्हणाले. मी वाकून पाहायला हवं होतं असं आता वाटतं. पण त्यांनी हात हलवून मला वर पिटाळलं. "जेव काहीतरी. झोप." मी न जेवताच झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. घरात फार शांतता होती. खाली आले तर खाट रिकामी, आणि मावशी भिंतीला टेकून बसलेल्या. मला पाहून त्या रडायला लागल्या.

अक्कांना दुपारभर धाप लागली होती. छाती घरघरत होती, अंग तापलं होतं. मावशी म्हणत होत्या सिस्टरला हाक मारा. आबा जिन्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, अर्धा जिना चढले, तिथे उभे राहिले आणि परत फिरले. "पोर कालपासून उभी आहे," म्हणाले. "उठेल चारला. तोवर मी बघतो." त्यांना शिकवलं होतं ते सगळं त्यांनी केलं. उशी उंच केली, कुशीवर वळवलं, पाठ थोपटली. ओठ निळे पडायला लागले तेव्हा शेजारच्या रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत अक्का गेल्या होत्या.

मी गेले तेव्हा आबा दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून ओरडलेच, "का नाही उठवलंत मला? घरात नर्स असताना? इतकी वर्षं कशासाठी ठेवली होतीत मला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चारच वाजायचे होते," ते म्हणाले. "थोडंच राहिलं होतं."

मी उठले असते तर अक्का वाचल्या असत्या का, हे मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटच्या छातीत एकदा पाणी झालं की काही सांगता येत नाही. मलाही ते माहीत आहे. पण ऑक्सिजन अर्धा-पाऊण तास आधी लागला असता, हेही मला माहीत आहे. आबांनी मला हे कधी बोलू दिलं नाही. विषय काढला की उठून जायचे.

त्याच हिवाळ्यात मला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. धुळ्यात माझी आई एकटी होती. मी आबांना सांगायचं टाळत होते. त्यांनीच आमच्या दवाखान्यातून ऐकलं आणि एका सकाळी वर आले. "कधी निघायचं?"

"तुमचं काय आबा?"

"मावशी आहेत ना."

"मावशींना तुम्ही सांभाळताय. तुमच्याकडे कोण बघणार?"

ते खोलीभर नजर फिरवत राहिले. "एक सांगू? आम्ही धुळ्याच्या डेपोत होतो तेव्हा प्रत्येकाला वाटायचं, आपली गाडी कशीतरी सुटली पाहिजे. बाकीच्या फलाटांवर किती लोक उभे आहेत, ते कुणी बघायचं नाही. मी पण तेच केलं. गल्लीत एवढे म्हातारे, आणि मी तीन नर्स एकट्यासाठी अडवून बसलो. त्यानं काय व्हयनं? जाय तू. तुझी माय वाट बघत असेल."

फाटकावरची पाटी त्यांनी माझ्यादेखत काढली नाही. पुढे केव्हातरी काढली, असं मावशी फोनवर म्हणाल्या.

आबांशी फोनवर बोलणं व्हायचं. वंदनाही जर्मनीहून त्यांना व्हिडिओ कॉल करायची. ती ज्या वृद्धाश्रमात होती तिथल्या एका म्हाताऱ्याला आबांनी मोबाईलवरून ओरडून नमस्कार केला होता, आणि तो म्हातारा दचकला होता, हे ती हसत हसत सांगायची. मग आबा पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याहून आला, ऑपरेशन करून घेतलं, सुट्टी संपली तसा गेला. जाताना मला फोन केला, "ताई, तुमच्या ओळखीत कुणी चांगली नर्स असेल तर बघा. पैशाचा प्रश्न नाही."

खानदेशात माझ्या ओळखीच्या नर्स काही कमी नाहीत. मी सगळ्यांना फोन लावले. एक मस्कतला, एक पुण्याला, दोघी आपल्याच सासू-सासऱ्यांच्या उशाशी, एकीने स्वतःचेच गुडघे बदललेले. कुणीच मिळालं नाही. शेवटी मीच रजा टाकली. चार दिवसांची मंजूर झाली, त्याहून जास्त देणं शक्य नव्हतं. माझ्या वॉर्डात माझ्या जागी उभं करायला दुसरं कुणी नव्हतं.

ते चार दिवस मी आबांना आंघोळ घातली, वळवलं, भरवलं. ते लाजत होते. अंग एकदम हलकं झालं होतं. पाठीला जखम झालीच होती. मावशींना बिचाऱ्यांना वळवणं झेपत नव्हतं. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "रजा वाढवून बघते." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सोडला तेव्हा तोंड भिंतीकडे केलं.

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला सकाळपाळीवर होते. वॉर्डात सगळीकडे खाटा, खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ होते, शिरपूरकडचे. बरोबर कुणी नव्हतं. मुलगा सुरतेला, संध्याकाळी येतो म्हणाला होता. आदल्या दिवसापासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मी त्यांना बसतं केलं आणि पेजेचा पहिला चमचा भरवला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मावशींचा होता. मी तो खांदा आणि कानात धरला.

"आबा गयात माय," मावशी म्हणाल्या. "आत्ताच."

म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं होतं आणि ते माझ्याकडे बघत थांबले होते. "मावशी, मी करते फोन," मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला. त्यांची हनुवटी हाताने खाली केली, दुसरा चमचा दिला, गिळल्याची खात्री करून तिसरा. ते फार सावकाश खात होते. वाटी संपेपर्यंत मी तिथून उठले नाही.